अंतर्वस्त्रांचे डाग आणि आरोग्य

माळव्यातील धार आणि देवास ही नावे मराठी वाचकांस अपरिचित नाहीत. पवार घराण्याच्या संस्थानांमुळे येथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली. देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीच्या आठवणी जुन्या घरांतून अद्याप सांगितल्या जातात. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेश राज्यात समाविष्ट झाली.

या भागातील एखाद्या अंगणात सकाळी डोकावले असता दोरीवर सदरे, लुगडी, पंचे व पोरांचे कपडे उन्हात वाळताना दिसतात. घरातील स्त्रियांची अंतर्वस्त्रे मात्र सहसा दिसत नाहीत. ती न्हाणीघराच्या कोपऱ्यात, जिन्याखाली किंवा एखाद्या ओल्या लुगड्याच्या आड टांगलेली असतात. ही स्थिती केवळ माळव्यातील नव्हे. विदर्भात, खानदेशात आणि कोकणातही ती तशीच आहे. जे वस्त्र शरीराच्या अत्यंत नाजूक भागाला दिवसभर लागून असते, त्यालाच ऊन मिळत नाही. त्यावर डाग पडला तर तो कोणास दाखविला जात नाही आणि त्याविषयी कोणास विचारलेही जात नाही.

परिणामी दोन प्रकारची हानी होते. जो डाग निरुपद्रवी असतो त्याची विनाकारण धास्ती घेतली जाते, आणि जो डाग रोगाची सूचना देतो त्याकडे दुर्लक्ष होते. म्हणून डाग दिसल्यावर प्रथम एक प्रश्न विचारावा: तो पाण्याने व साबणाने आणला आहे, निरोगी शरीराने आणला आहे, की दुखणाऱ्या शरीराने? या तिन्हींचा विचार क्रमाने करणे सोयीचे होईल.

बाघच्या छपाईपासून मिळणारा धडा

कापडाचा रंग का बदलतो, हे समजून घेण्यासाठी धार जिल्ह्यातील बाघ या गावाचे उदाहरण उपयुक्त आहे. बाघ येथील लेणी प्रसिद्ध आहेत, तशीच तेथील हाताने ठशांची छपाई केलेली वस्त्रेही प्रसिद्ध आहेत. येथील खत्री कारागीर कोरे कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यात बुडवितात. त्यामुळे कापडाला पिवळट छटा येते. मग तुरटीच्या खळीने काही ठसे उमटवितात, तर गंजलेले लोखंड व गूळ आंबवून केलेल्या खळीने काही ठसे उमटवितात. वाहत्या पाण्यात कापड धुऊन ते अलिझरीन व धावड्याची फुले घातलेल्या तांब्याच्या कढईत उकळले म्हणजे तुरटीच्या जागी लाल आणि लोखंडाच्या जागी काळा रंग खुलतो.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. कापडाचा धागा पाण्यातील क्षार, लोह, आम्ल आणि वनस्पतींचा तुरट रस धरून ठेवतो, आणि हे पदार्थ एकमेकांशी संयोग पावले म्हणजे नवा रंग तयार होतो. बाघचा कारागीर जे हेतुपूर्वक करतो, तेच घरोघरच्या बादलीत नकळत घडत असते. बादलीतील पाण्यात लोह असेल, कापडात साबणाचा अंश राहिला असेल आणि अंगाचा घाम त्यात मुरला असेल, तर पांढरी बनियन काही महिन्यांत पिवळी वा तांबूस होते. हा रोग नव्हे.

पाण्यामुळे येणारा रंग

विंधनविहिरीचे पाणी वर काढताना पुष्कळदा स्वच्छ दिसते. परंतु घटकाभर ठेवल्यावर त्याच्या तळाशी तांबूस गाळ बसतो. पाण्यात विरघळलेल्या लोहाचा हवेशी संयोग होऊन हा गंज तयार होतो. एका लिटरमध्ये ०.३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक लोह असेल तर धुतलेल्या कपड्यांवर डाग पडू लागतात. अशा पाण्याने धुतलेले सर्वच पांढरे कपडे सारखे तांबूस होतात. ही खूण महत्त्वाची आहे. टॉवेल, उशीचे अभ्रे व सदरे हे सर्व एकाच छटेचे झाले असतील तर दोष शरीराचा नसून पाण्याचा आहे, असे समजण्यास हरकत नाही.

दुसरा दोष जड पाण्याचा. अशा पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असतात. साबणाला फेस येत नाही. उलट साबणाचा चिकट साका तयार होऊन धाग्यांत अडकतो. कापड राखी दिसते व खरखरीत होते. अंतर्वस्त्रात राहिलेला असा साका घामाने भिजला म्हणजे जांघेत कंड सुटते व कातडी लाल होते. पुष्कळ लोक यालाच गुप्तरोग समजून घाबरतात. वास्तविक एक-दोन वेळा अधिक खळबळून धुतल्याने हा त्रास बहुधा थांबतो.

अधिक खळबळण्यास पाणी मात्र हवे. देवास शहराने पाण्याची टंचाई फार तीव्रतेने सोसली आहे. १९९० मध्ये या शहरासाठी इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पुढे २००६ पासून देवास जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आपापल्या शेतांत ‘रेवासागर’ नावाने ओळखली जाणारी तळी मोठ्या संख्येने खोदली. टंचाईच्या काळात घरातील पाण्याची काटकसर कोठे सुरू होते, हे गृहिणींना ठाऊक आहे. पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी राखून ठेवले जाते आणि अंतर्वस्त्रे व मासिक पाळीची कापडे अर्ध्या तांब्यात धुतली जातात. पाणीपुरवठ्याचा प्रश्न हा स्त्रियांच्या आरोग्याचाही प्रश्न असतो, हे ग्रामपंचायतींनी लक्षात घेणे अगत्याचे आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. कापड पांढरे राहिले म्हणजे पाणी निर्दोष, असे समजू नये. धार जिल्ह्याच्या काही भागांत भूगर्भातील पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही आणि कापडावर त्याचा डागही पडत नाही. तो डाग मुलांच्या दातांवर पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांच्या रूपाने पडतो आणि पुढे हाडे व सांधे ताठर होतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह मानले जाते. दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. हे केवळ तपासणीने कळते. तांबूस पाण्याची तक्रार सर्वजण करतात. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याची तपासणी करून घेण्याचे मात्र राहून जाते.

निरोगी शरीराचे डाग

घाम मुळात रंगहीन असतो. परंतु घामाबरोबर कातडीतील तेलकट द्रव्य कापडात मुरते, त्याचा हवेशी संयोग होतो आणि ते पिवळे पडते. म्हणून बनियनीच्या काखा व चड्डीचा कमरपट्टा प्रथम पिवळा होतो. उन्हाळ्यात पाणी कमी प्याल्यास लघवी गडद होते व तिच्या थेंबांचे डागही गडद पडतात. पाणी पुरेसे प्याल्यावर रंग फिकट झाला तर चिंतेचे कारण नाही.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक नैसर्गिक कारण आहे आणि त्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. वयात आल्यानंतर योनिमार्गात उपयुक्त जिवाणूंची वस्ती असते. हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. दह्याला आंबटपणा देणारे आम्ल तेच होय. या आम्लामुळे तेथील सामू साधारणपणे ३.८ ते ४.५ इतका राहतो आणि रोगजंतूंना तेथे वाढणे कठीण जाते. हा स्राव पाण्यासारखा किंवा दुधाळ असून त्याला दुर्गंधी नसते. तो कापडावर वाळला म्हणजे पिवळसर दिसतो. कापड काळे किंवा गडद निळे असेल तर आम्लामुळे त्याचा रंग उडून फिकट, तांबूस पट्टा पडतो. चड्डीचा मधला भाग असा विटला तर शरीराची संरक्षणव्यवस्था काम करीत आहे एवढाच त्याचा अर्थ. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत आणि गर्भारपणी हा स्राव वाढतो. त्याने ‘हाडे झिजतात’ किंवा ‘अंगातली ताकद जाते’ ही समजूत निराधार आहे. तो थांबविण्यासाठी साबणाने वा जंतुनाशकाने आतील भाग धुणे अपायकारक होय. कारण त्यामुळे उपयुक्त जिवाणूच नष्ट होतात.

मुलगे वयात येत असताना झोपेत वीर्यस्खलन होऊन चड्डीवर कडक, पिवळट डाग पडतो. ‘धातू जातो’ या भीतीने कित्येक तरुण अभ्यास सोडून बसतात व भोंदू वैद्यांच्या हाती पैसा देतात. हाही शरीराचा स्वाभाविक धर्म आहे. त्यास औषध लागत नाही.

काही डाग औषधांमुळे पडतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधाने लघवी, घाम आणि अश्रूदेखील नारिंगी-तांबूस होतात व अंतर्वस्त्रांवर तोच रंग उतरतो. क्षयाच्या उपचारासाठी थोर गायक कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला येऊन राहिले, हे संगीतप्रेमी जाणतात. त्यानंतरच्या काळात या रोगावर प्रभावी औषधे उपलब्ध झाली; परंतु औषध मध्येच सोडल्यास रोग पुन्हा उलटतो. नारिंगी डाग पाहून ‘रक्त जाते’ असे समजून गोळ्या थांबविणे हे फार महागात पडते. गोळ्या देतानाच रुग्णास ही माहिती द्यावी.

दुखणाऱ्या शरीराची सूचना

पुढील लक्षणे आढळल्यास मात्र संकोच न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

१. दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा, घट्ट स्राव आणि तीव्र कंड. हा बुरशीचा संसर्ग असू शकतो. गर्भारपणी, मधुमेहात किंवा प्रतिजैविक औषधे घेतल्यानंतर तो अधिक आढळतो. वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्यावी.

२. पातळ, राखी-पांढरा आणि मासळीसारखा वास येणारा स्राव. योनिमार्गातील जिवाणूंचा समतोल बिघडल्याचे हे लक्षण होय.

३. पिवळा-हिरवा, फेसाळ, दुर्गंधीयुक्त स्राव. हा संसर्ग शरीरसंबंधातून होतो. पत्नीने औषध घेतले आणि पतीने घेतले नाही, तर तो परत जडतो. दोघांचाही उपचार एकाच वेळी व्हावा.

४. पुरुषाच्या मूत्रमार्गातून येणारा पू व लघवीच्या वेळी होणारी आग.

५. दोन पाळ्यांच्या मध्ये, शरीरसंबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यानंतर पडलेला रक्ताचा डाग. हा डाग कितीही लहान असो, तपासणी टाळू नये. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असाच सुरू होऊ शकतो व लवकर कळल्यास बरा होऊ शकतो. ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी या तपासणीची तरतूद शासकीय आरोग्य कार्यक्रमात आहे.

६. लघवीतून रक्त जाणे. तसेच लघवी हळदीसारखी गडद होऊन डोळेही पिवळे दिसणे. डोळ्यांचा पिवळेपणा काविळीकडे बोट दाखवितो.

७. खोकताना वा ओझे उचलताना नकळत लघवी होणे. बाळंतपणांनंतर हा त्रास पुष्कळ स्त्रियांना होतो. तो वयाचा भोग नव्हे. कटिभागाच्या स्नायूंच्या व्यायामाने त्यात सुधारणा होते.

बालकांच्या चड्डीला वारंवार मळ लागत असेल तर ते आळशी किंवा घाणेरडे आहे, असे ठरवू नये. जुनाट बद्धकोष्ठतेत घट्ट मळाच्या बाजूने पातळ मळ नकळत झिरपतो. अशा मुलास शिक्षेची नव्हे, औषधाची गरज असते. लहान मुलीच्या कपड्यावर रक्त किंवा पू दिसल्यास तिला न दटावता, विश्वासात घेऊन विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे.

लपविण्याची किंमत

हे सर्व सांगण्याची गरज किती मोठी आहे, याचा पुरावा महाराष्ट्रानेच जगापुढे ठेवला. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तक्रार असल्याचे ५५ टक्के स्त्रियांनी सांगितले. प्रत्यक्षात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा तत्सम विकार असल्याचे आढळले. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ज्यांना दुखणे होते व ज्यांनी ते कधी दाखविले होते, त्या दोहोंमधील हे अंतर संकोचाने निर्माण केलेले आहे.

संकोच शब्दांतूनही दिसतो. मराठी घरांत ‘अंगावरून पांढरे जाते’ आणि शेजारच्या हिंदी-माळवी बोलणाऱ्या घरांत ‘सफेद पानी’ एवढेच म्हटले जाते. रंग, वास, कंड आणि दिवस यांविषयी काहीच सांगितले जात नाही. आरोग्य सेविकेने किंवा आशा कार्यकर्तीने हेच चार प्रश्न हळुवारपणे विचारले, तर नैसर्गिक स्राव व रोग यांतील फरक बऱ्याच अंशी उलगडतो. अंतिम निदान अर्थातच डॉक्टरांनी करावयाचे आहे.

धुणे व वाळविणे

अंतर्वस्त्र शक्यतो सुती असावे, रोज बदलावे आणि एकमेकांचे वापरू नये. रक्ताचा डाग प्रथम थंड पाण्यात भिजवावा. उष्णतेने रक्तातील प्रथिने गोठून धाग्यात पक्की बसतात. म्हणून गरम पाणी आधी वापरू नये. गंजाच्या डागावर लिंबाचा रस व मीठ चोळून कापड उन्हात ठेवावे व नंतर भरपूर पाण्याने धुवावे. गंजावर विरंजक चूर्ण घातल्यास डाग अधिक पक्का होतो. विरंजक चूर्ण आणि कोणतेही आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. लोहयुक्त पाणी रात्रभर उघड्या भांड्यात निवळू द्यावे व वरचे पाणी धुण्यास घ्यावे. नीळ दिल्याने कापड पांढरे भासते. कारण निळी छटा पिवळेपणा झाकते. तिने कापड स्वच्छ होत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कापड उलटे करून कडक उन्हात वाळवावे. दमट कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि जांघेतील नायट्याला ओलावा मिळतो. पावसाळ्यात ऊन नसल्यास इस्त्री फिरवावी. नायट्यावर दुकानातून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे लावू नयेत. त्यांनी कंड तात्पुरती थांबते, पण नायटा पसरतो व पुढे औषधाला दाद देत नाही. अंगणात ऊन येणाऱ्या एका कोपऱ्यात पातळ फडक्याचा आडोसा केल्यास संकोचही राखला जातो व ऊनही मिळते. पाळीच्या कापडांनाही हाच नियम लागू आहे.

शाळेत करावयाचे प्रयोग

शिक्षकांनी हा विषय रसायनशास्त्राच्या अंगाने मांडल्यास वर्गात अवघडलेपणा राहत नाही.

पहिला प्रयोग: पांढऱ्या फडक्यावर हळदीचे पाणी लावून वाळवावे. एका टोकाला साबणाचे पाणी लावावे; तेथे रंग तांबडा होईल. त्यावर लिंबू पिळल्यास तो पुन्हा पिवळा होईल. आम्ल व अल्क यांनी रंग बदलतो, हे विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दिसेल.

दुसरा प्रयोग: गंजलेले खिळे दोन दिवस लिंबाच्या पाण्यात ठेवावेत. फडके हिरड्याच्या किंवा कडक चहाच्या पाण्यात बुडवून वाळवावे व त्यावर खिळ्यांचे पाणी थेंबथेंब टाकावे. काळा डाग उमटेल. बाघच्या कारागिराचा काळा रंग आणि विंधनविहिरीच्या पाण्याचा डाग यांचे नाते येथे सांगावे.

तिसरा प्रयोग: गावातील विहीर, हातपंप व नळ यांचे पाणी समान आकाराच्या बाटल्यांत घेऊन प्रत्येकीत साबणद्रावाचे सारखेच थेंब टाकावेत व बाटल्या हलवाव्यात. कोणत्या पाण्याला फेस अधिक येतो, याची नोंद करावी.

यानंतर मुलींशी शिक्षिकेने व मुलांशी शिक्षकाने स्वतंत्रपणे बोलून निरोगी शरीराचे व दुखण्याचे डाग यांतील भेद समजावून द्यावा. चर्चेसाठी पुढील प्रश्न घेता येतील.

१. घरातील सर्व पांढरे कपडे तांबूस झाले, तर प्रथम कशाची तपासणी कराल?

२. काळ्या चड्डीचा मधला भाग फिकट झाला. कंड नाही, दुर्गंधी नाही. याचा अर्थ काय?

३. कापडावर डाग न पाडणारा, पण दात व हाडे बिघडविणारा पाण्यातील पदार्थ कोणता?

४. क्षयाच्या रुग्णाच्या कपड्यावर नारिंगी डाग पडला, तर त्याने गोळ्या थांबवाव्यात काय?

५. गावात उन्हाचा, पण आडोशाचा असा कोपरा कोठे करता येईल?

शेवटचा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही. ग्रामपंचायतीने सार्वजनिक स्नानगृहांजवळ, मुख्याध्यापकांनी मुलींच्या वसतिगृहात आणि कुटुंबप्रमुखांनी घराच्या अंगणात त्याचे उत्तर द्यावयाचे आहे. दोरीवर चार हात जागा मोकळी करून दिली, तर जे कापड आजवर अंधारात वाळत होते ते उन्हात येईल. आणि ज्या स्त्रीला त्या कापडावरील डागाविषयी घरात बोलता येईल, तिला दवाखान्याची पायरी चढणेही अवघड वाटणार नाही.